उगमाचा रकाना

शारजाच्या औद्योगिक भागात, सहा नंबरच्या गल्लीत,
आमची भट्टी पहाटे चारलाच पेटते,
दिवस तापायच्या आत ती तापावी म्हणून.
मी विट्याकडचा. गलाई आमच्या हातात तीन पिढ्यांची.
टाकणखार किती, तेजाब कधी, वाफ कुठल्या अंगानं जाते,
हे कुणी बसवून शिकवलं नाही. ते घरातच होतं,
मिठाच्या बरणीशेजारी.

बुधवारी उस्मान येतो.
कुठून, तर विमानाचं नाव सांगतो.
कमरेच्या पट्ट्यातले गोळे टेबलावर ठेवतो
आणि खुर्चीत बसल्याबसल्या झोपतो.
लिजो फॉर्म भरतो. वजन. कस. रोख.
मग उगमाचा रकाना येतो, आणि लिजोचं पेन
जराही न अडखळता लिहितं: जुने दागिने.

जुने दागिने मी जन्मभर वितळवलेत.
त्यांत लाख असते, डाग दिलेल्या जागा असतात,
फासात अडकलेला एखादा केस,
मंगळसूत्राच्या वाटीत साठलेली हळद.
मोडीतलं सोनं मुशीत पडताना
कुणाच्या तरी घराचा वास येतो.
उस्मानच्या गोळ्यांना रेतीचा वास. आणि आत, खोल, पाऱ्याचा.
हे सोनं कुणाच्या गळ्यात कधीच नव्हतं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
सोन्याचं नाव त्या म्हणीत नाही.
मी नीट आठवून पाहिलं.

अण्णांचं दुकान कोइमतुरात होतं.
प्रत्येक सोनाराची मूस वेगळी, मुशीवर खडूनं त्याचं नाव.
एकाचा कण दुसऱ्यात गेला
तर त्या रात्री जेवायचे नाहीत.
इथं एकच मूस, बारा किलोंची.
तिच्यात सगळे देश एका रंगाचे होतात.
नऊ, नऊ, नऊ, पॉइंट नऊ.
यालाच शुद्ध म्हणतात.

मागच्या बुधवारी, लॉट दोनशे चौदा,
त्यातला एक गोळा.
ओल्या मातीच्या साच्यात ओतलेला असणार,
आणि साचा कुणीतरी बोटांनी थापला असणार,
कारण गोळ्याच्या पोटावर चार उंचवटे होते.
लिजो फोनवर होता. उस्मान घोरत होता.
हात धुवायचा साबण मी गोळ्यावर दाबला.
उंचवट्यांचे परत खळगे झाले,
ज्या बोटांनी केले होते त्यांच्याच मापाचे.
माझी करंगळी त्यांत बसली नाही.
धाकट्याची बसली असती. तो चौथीत आहे.

मग मी गोळा मुशीत सोडला.
सोडला. दुसरं काय करणार होतो?
व्हिसा कंपनीचा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.
सहा मिनिटं लागली.

साबण खोलीवर आणला. खोलीत आम्ही आठजण.
गुरुवारी मोतालेब त्यानंच अंघोळ करून आला,
म्हणाला, तुझा साबण फेसच धरत नाही.
चारांतले दोन खळगे गेले होते.
उरलेले दोन कागदात गुंडाळून
एसीवर ठेवले, कोरड्यात.

आज तपासणीला बाई आल्यात,
कुठल्याशा घड्याळवाल्या कंपनीकडून.
हेल्मेट त्यांना मोठं होतंय.
फाइल चाळली: सह्या जागच्या जागी, शिक्के सरळ.
आग विझवायचं नळकांडं पाहिलं, माझे हातमोजे पाहिले,
दुभाष्याकरवी विचारलं, पाणी थंड मिळतं का?
मिळतं. ते खोटं नाही.
आणखी काही सांगायचंय का, हे विचारता विचारता
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शेठ दारात. लिजो माझ्याकडे बघत नाहीये.
खिशातला कागद घामानं भिजलाय,
आत बुळबुळीत लागायला लागलंय,
अजून दहा मिनिटांनी तिथं काही नसेल.

"मॅडम," मी म्हणतो, आणि पुढचं मराठीतच निघतं तोंडातून,
"जरा हा साबण बघता का?"